आयत्या बिळावरचा नागोबा



‘आयत्या बिळावर नागोबा’ असं आपण कुणाचं कौतुक म्हणून म्हणत नाही. उंदराने बीळ उकरायचं आणि या महाराजांनी येऊन वेटोळं घालून बसायचं, म्हणून ही म्हण. बहुतेक वेळा ती आम्हा पिकल्या केसांच्या मंडळींच्या तोंडी असते, आणि तिचा रोख घरातल्या तरुण माणसांकडे असतो. आम्ही पै पै जोडली, तुम्ही आयते आलात, असा तिचा सूर.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात मात्र याच नागोबाला गुरूचे आसन मिळाले आहे. यदुराजाला भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजेच आपले श्रीदत्तमहाराज, अशी संप्रदायाची श्रद्धा. पृथ्वी, वायू, आकाश, कबुतर, अजगर, असे करत करत शेवटाशेवटाला साप येतो. सापाकडून अवधूत काय शिकला? नाशवंत देहाच्या माणसाने घर बांधण्याचा खटाटोप करणे हे दुःखाचेच मूळ. साप दुसऱ्याने केलेल्या बिळात शिरतो आणि सुखाने राहतो. म्हण ज्याला टोमणा मारते, त्याला दत्तमहाराज नमस्कार करतात. नाथमहाराजांच्या भागवतातून हा भाग मी पुष्कळदा वाचला होता. त्यातला पेच बोचला तो मात्र घराची कौलं उतरवायची वेळ आली तेव्हा.

त्या घराविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार त्याच्याच ओसरीवर बसून झालेला आहे.

आमचं वडिलोपार्जित घर सांगलीच्या गावभागात. आयर्विन पूल १९२९ साली झाला, त्याच्या आधीचं. काळ्या दगडाचं जोतं, मातीत रचलेल्या विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर माडी, माडीवर कौलं, मागे परसात आड. कृष्णामाई हाकेच्या अंतरावर. कधी कधी ती हाक न मारताच ओसरीवर येते. २००५ साली आली, २०१९ च्या ऑगस्टात आली, २०२१ च्या जुलैत पुन्हा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माजघराच्या भिंतीवर त्या पाण्याची मळकट रेघ बरेच दिवस होती.

पण घर ओसाड झालं त्याचा दोष नदीला देता येणार नाही. ते आधीच पडायला लागलं होतं. आम्ही तिघे भाऊ नोकरीमुळे तीन गावांना, दोघी बहिणी आपापल्या सासरी. आई होती तोवर खालचे चार खण नांदते होते. ती गेली, आणि कुलूप लागलं. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू होते. भाडं इतकं की वर्षभराच्या भाड्यात छपराची एक बाजूसुद्धा शाकारून झाली नसती. मालक म्हणत, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणत, घर मालकाचं, खर्च मी का करू? दोघांचंही खरं होतं आणि दोघांनीही काही केलं नाही. भाडेनियंत्रणाच्या छायेत अशी घरं सांगलीतच काय, पुण्या-नाशकाच्या जुन्या पेठांतही गल्लोगल्ली सापडतील.

घर पडतं म्हणजे काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. माकडाच्या उडीने एखादं कौल सरकतं. त्या फटीतून पावसाची धार भिंतीच्या माथ्यावर पडते. तुळईचं तोंड भिंतीच्या पोटात असतं, तिथे ओल साचते, आणि जे आपल्याला दिसत नाही ते आधी कुजतं. मग वाळवी येते. बाहेरून तेलपाणी केलेली तुळई झळकत असते, आतून तिचा भुगा झालेला असतो. सगळं होतं एका कौलापायी, जे त्याच आठवड्यात नीट केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा मुलगा बदली होऊन सांगलीला आला. तो, त्याची बायको आणि त्यांची चिमुरडी. आल्यावर त्याने मला फोन केला. “काका, फ्लॅटला दरमहा एवढं भाडं भरण्यापेक्षा आपलंच घर नीट करून राहिलो तर?” मी म्हटलं, “अरे, सगळ्यांना विचारू.” आणि सगळ्यांना विचारायला बसलो तेव्हा कुणीतरी ती म्हण उच्चारलीच.

त्यावर मला सुचलं ते एवढंच की, आम्हा पाच भावंडांपैकी एकानेही त्या घराची एक वीट रचलेली नाही. घर पणजोबांनी बांधलं. आजोबा, वडील आणि आम्ही, तीनही पिढ्या आयत्या बिळावरच्याच. आम्ही तिथे जन्मलो, पाटीवर अक्षरं गिरवली, लग्नाचे मांडव घातले, आणि एवढ्या वेटोळ्यांमुळे बीळ आपण उकरलं असं वाटायला लागलं. ‘माझं घर’ यातला ‘माझं’ हा बराचसा वहिवाटीचा हक्क असतो.

इथे एक शंका येते, ती रास्त आहे. अवधूताला घर बांधायचे नाही, कारण तो अवधूत. परंतु सगळेच अवधूत झाले तर भिक्षा कुणाच्या दारी मागायची? चारही आश्रमांचे ओझे गृहस्थाश्रमाने वाहायचे असे शास्त्रच सांगते. नागाला बीळ मिळते ते कुणीतरी उकरलेले असते म्हणून. म्हणजे आपल्यासारख्या संसारी माणसाने सापाकडून शिकायचे ते थोडेसे उलट्या बाजूने. बीळ उकरावे, आणि निघून जाताना मागे अटींची यादी ठेवू नये. उंदीर काही नागोबाकडून करारपत्र लिहून घेत नाही. (नागोबा त्यालाच गिळतो ही गोष्ट निराळी, दृष्टान्त फार ताणू नये.)

आता अटी नकोत हे म्हणायला सोपं. पण त्याआधी सह्या लागतात.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने दिला, आणि तो तिला जन्मतःच असतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्वच्छ सांगितलं. तरी आपल्या घरांतून काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. बहिणीला माहेरी बोलवायचं, पुरणपोळी करायची, साडीचोळी करायची, आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र पुढे सरकवायचं. ती नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. भाऊबीजेच्या ताटाखालून कागद सरकवणारे, आणि त्याच हाताने गुरुवारी पालखीला खांदा देणारे लोक मी पाहिले आहेत. घराचा जीर्णोद्धार म्हणून आपण जे करतो त्याच्या पायात असा एक कागद पुरलेला असेल, तर वर कितीही चांगला चुना लावा.

अवधूताच्या गुरूंमध्ये एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आलेले, ती भात कांडायला बसली, हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. कांडणाचा आवाज पाहुण्यांना जाऊ नये म्हणून तिने एकेक करून बांगड्या उतरवल्या. दोन राहिल्या तरी वाजत होत्या, एकच राहिली तेव्हा शांतता झाली. यतीने एकटे राहावे हा त्यातला बोध. पण संयुक्त मिळकतीत काही जण याचा भलताच अर्थ लावतात, आणि एकेक वारस हातातून उतरवत जातात. यतीला जी शांतता शोभते ती घरमालकाला शोभत नाही. आपल्याला सगळ्या बांगड्या हातात ठेवूनच कांडायचं असतं. आवाज व्हायचाच.

आमच्याकडे झाला. धाकट्या बहिणीचे यजमान लवकर गेले. तिला तिच्या हिश्श्याचे पैसे हवे होते, आणि ते मागताना तिला संकोच वाटत होता. आम्ही घराची किंमत रीतसर काढून घेतली आणि आधी तिचे पैसे द्यायचे ठरवले. काम त्यानंतर सुरू करायचं. त्यामुळे दुरुस्तीच्या पैशांत मोठी खोट आली, आणि माडीचा मागचा भाग एक वर्ष तसाच ताडपत्रीखाली ठेवावा लागला. पुतण्याने यावर एक शब्द काढला नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे.

थोरल्या अक्कांनी पैसे नको म्हणून सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी मागितली ती एकच गोष्ट: “बाळंतिणीची खोली तेवढी आहे तशी ठेवा.”

जुन्या घरांत ज्यांचे दिवस गेले त्यांना ही खोली सांगायला नको. माजघराच्या मागे, परसाच्या बाजूला, अंधारी, एकच झरोका, कोपऱ्यात न्हाणीचा दगड. आमच्या घरातली तीन पिढ्यांची बाळंतपणं तिथेच झाली. आम्ही पाचही जण तिथले. अक्कांची दोन्ही मुलंही तिथलीच, कारण पहिली बाळंतपणं माहेरी.

आणि नेमकी तीच खोली नकाशात शौचालय आणि न्हाणीघराची झाली होती. दुसरी जागाच नव्हती. घराला संडास होता तो परसात, आडाच्या पलीकडे. सांडपाण्याचा उतार परसाकडे, रस्त्याची गटार त्या बाजूला, भिंतीला आधीच न्हाणीचं मोरीतोंड. इंजिनिअरने तीन वेगवेगळे आराखडे काढून पाहिले, तिन्ही त्याच खोलीपाशी येऊन थांबले.

अक्का ते ऐकून ताठ झाल्या. “जिथे तुम्ही सगळे जन्माला आलात, तिथे संडास?”

कुणी बोलेना. मग सूनबाई बोलली. आवाज चढवून नव्हे, पण बोलली. “आत्या, पावसात रात्री दोनला पोरीला कडेवर घेऊन मी आडापलीकडे जाऊ का?” आणि माझ्याकडे वळून, “काका, आम्ही इथे राहायला यायचं की राखण करायला?”

या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई कुणी करू नये. अक्का हट्टी नव्हत्या आणि सूनबाई उर्मट नव्हती. एकीचं जे पवित्र होतं ते दुसरीला गैरसोयीचं होतं, एवढंच. बहुतेक घरांत असा वाद होतो तेव्हा आपण तो ‘जुनी पिढी, नवी पिढी’ या खुंटीला टांगून मोकळे होतो. पण पवित्र वस्तू उखडायची वेळ येते तेव्हा काय करायचं, याचं एक उदाहरण आपल्या गुरुचरित्रातच आहे.

अठरावा अध्याय धनलाभासाठी नेमाने वाचणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापूर, म्हणजे आजच्या नृसिंहवाडीच्या परिसरातलीच ही कथा. एका गरीब ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल. कोरान्न मिळाले नाही तर त्या शेंगांवर घर चाले. श्रीगुरू भिक्षेला आले, त्या माउलीने घेवड्याची भाजी वाढली, महाराज तृप्त झाले आणि जाताना तोच वेल मुळापासून तोडून गेले. मुलं रडली. आई रडली. रडणे अगदी साहजिक होते. ज्यावर जगायचे तेच गेले. ब्राह्मण घरी आला, त्याने बायकोची समजूत घातली, आणि अंगणात राहिलेले वेलाचे मूळ काढून टाकायला तो खणू लागला. तेव्हा खाली द्रव्याचा कुंभ लागला.

आपण ही कथा कुंभासाठी वाचतो. मला यंदा तिच्यातले दोन तपशील निराळे दिसले. एक, वेल तोडला श्रीगुरूंनी. उठून कुणीही कुणाचा वेल तोडायचा परवाना ही कथा देत नाही. तोडणाऱ्याला आधी त्या घरचे अन्न खावे लागते. दुसरा तपशील असा, की वेल तुटल्यावर कुंभ आपोआप वर आला नाही. ब्राह्मणाने खणले म्हणून तो सापडला. नुसता वेल तोडून कथा संपली असती तर ती नासधूसच झाली असती.

मग आम्ही खणलं. म्हणजे काय, तर चार दिवस त्या खोलीवर कुणी काही ठरवलं नाही, आणि सूनबाई रोज संध्याकाळी अक्कांना फोन करून त्या खोलीतल्या गोष्टी विचारत राहिली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तिला खरंच ऐकायचं होतं. शेगडी कुठे असे, बाज कुठे, पाचवीच्या दिवशी दिवा कुठे लावत. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बोलता बोलता अक्काच म्हणाल्या, “अगं, माझ्या पहिल्या खेपेला आषाढ होता. बाराव्याच्या आधीच मला रात्री कंदील घेऊन आडापलीकडे जावं लागायचं. आई छत्री धरून मागे. एकदा घसरले होते मी.” मग थोडा वेळ गप्प राहून, “करा तिथेच करायचं ते.”

त्या खोलीच्या मुळाशी जे होतं ते हेच. बाई आणि मूल यांना घराच्या आत, भिंतीआड, ऊबेला जागा मिळावी म्हणून ती खोली होती. त्या कामात ती जिथे कमी पडत होती तिथे आता पुरी पडेल. हे मी अक्कांना बोलून दाखवलं नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की समजूत घातल्यासारख्या होतात. त्यांनी होकार दिला, पण चेहरा काही उजळला नाही, आणि तो उजळायलाच हवा अशी अपेक्षा धरणं हाही एक प्रकारचा जुलूमच. न्हाणीचा दगड मात्र उचलून परसात औदुंबराच्या पारापाशी बसवला आहे. त्यावर आता मुलीच्या चपला असतात.

सगळंच काही उखडायचं नव्हतं. गुरुचरित्रात घेवडा आहे तसं चाळिसाव्या अध्यायातलं वाळकं लाकूडही आहे. कुष्ठाने पीडित नरहरी गाणगापुरी आला, श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचे वाळलेले लाकूड संगमापाशी रोवून रोज पाणी घालायला सांगितले. लोक हसले. तो पाणी घालत राहिला. शेवटी महाराजांच्या कमंडलूतल्या पाण्याने त्या काष्ठाला पालवी फुटली आणि त्याचा देह शुद्ध झाला.

जुन्या घरात पाय ठेवला की या दोन अध्यायांमध्ये माणूस सापडतो. कुठला वेल तोडायचा आणि कुठल्या वाळक्या लाकडाला पाणी घालायचं? तरुणांना सगळाच घेवडा दिसतो, म्हाताऱ्यांना सगळाच औदुंबर.

आमच्या माजघरावरच्या मोठ्या तुळईचं असंच झालं. कंत्राटदार म्हणाला, काढा आणि लोखंडी गर्डर टाका. मला ती तुळई फार प्रिय, तिच्या कड्यांना आमचा पाळणा टांगलेला असे. पण प्रियतेवर छप्पर तोललं जात नाही. म्हातारा सुतार आला, त्याने हातोडीने टकटक करत आवाज ऐकला, मग दाभण खुपसून पाहिलं. भिंतीतलं तोंड हातभर कुजलेलं, तिथे दाभण लोण्यात गेल्यासारखं गेलं. पुढे मात्र टोकही शिरेना. कुजका भाग कापून, पडलेल्या गोठ्याच्या जुन्या सागाचा जोड देऊन, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकून, खाली एक जादा खांब देऊन ती तुळई राहिली. माडीचे दोन कोपऱ्यातले खांब मात्र वरून देखणे आणि आतून पोकळ निघाले. ते गेले. त्यांच्यावर नक्षी होती, तरी गेले.

नरहरीने पाणी घातले ते गुरुवचनावर. लाकूड आपल्या आजोबांचे आहे म्हणून नव्हे. आपण अनेकदा आपल्या आसक्तीला श्रद्धेचं नाव देतो आणि दाभण खुपसायचं टाळतो. स्वतः पोकळ तुळईखाली झोपायचं असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. तिच्याखाली दुसऱ्याचं लेकरू झोपणार असेल तर दाभण खुपसलंच पाहिजे.

भिंतींचं तसंच. मधल्या काळात कधीतरी खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केलेला होता. दिसायला टणक, पण आत माती आणि वीट, खालून नदीकाठची ओल. गवंडी म्हणाला, “मातीच्या भिंतीला घाम येतो काका. तिला रेनकोट घातला तर घाम वाळायचा कसा?” लोणा लागून विटांचं पीठ होत होतं. तो सगळा गिलावा खरवडून चुन्याचा केला. चुना भिजवून मुरवावा लागतो, गिलाव्यावर पाणी मारत बसावं लागतं, वेळ लागतो. पुतण्याला शाळा सुरू व्हायच्या आत यायचं होतं, पण त्याने हे ऐकलं. वायरिंग मात्र एका दिवसाचीही माया न करता सगळं उपटलं. लाकडी पट्टीतल्या, कापड गुंडाळलेल्या त्या तारा आणि अर्थिंगचा पत्ता नाही. त्यात जपण्यासारखं काहीही नव्हतं.

जिथे पुराचं पाणी येतं तिथे घर करायचं तर पाण्याला विचारून करावं लागतं. बटणं आणि मीटर २०१९ च्या रेघेच्या वर नेले. खालच्या स्वयंपाकघरात प्लायवूडची कपाटं न करता कडप्प्याची फडताळं केली, फरशी शहाबादी, म्हणजे गाळ आला तरी धुऊन काढता येईल. धान्य, कागदपत्रं, अंथरुणं माडीवर. आणि मग देवांचा प्रश्न आला.

देवघर पिढ्यान्‌पिढ्या माजघरात, रेघेच्या चांगलं तीन हात खाली. तिथले दत्तमहाराजांचे पितळी टाक आजोबांच्याही आधीचे. एक चुलतभाऊ म्हणाले, “वास्तूतला देव हलवत नसतात.” दुसरे म्हणाले, देव ईशान्येला. कुणी आणखी काही.

ज्याने पावसाळ्यात नृसिंहवाडी पाहिली आहे त्याला या वादाचं नवल वाटेल. कृष्णेचं पाणी चढत जातं, उत्तरेकडून गाभाऱ्यात शिरतं, मनोहर पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. दक्षिणद्वाराची ती पर्वणी साधायला लोक लांबून स्नानाला येतात. पुजारी मंडळी नदीशी भांडत नाहीत. उत्सवमूर्ती उंचावरच्या मंदिरात नेतात, तिथे त्रिकाळ पूजा चालू राहते. पादुका मात्र जागच्या हलत नाहीत. पाणी त्यांच्यावरून जातं, उतरतं, गाळ निघतो, पुन्हा अभिषेक सुरू. काय हलवायचं आणि काय हलवायचं नाही, हे तिथे शेकडो वर्षं दरसाल ठरलेलं आहे, आणि जे हलतं ते कमी दर्जाचं आहे असं तिथे कुणी समजत नाही.

आम्ही टाक माडीवर नेले. खालचा कोनाडा तसाच ठेवला आणि संध्याकाळी तिथे एक दिवा लागतो.

आता पैशाचा विषय. खर्चाचा मोठा वाटा आम्ही तिघा भावांनी निवृत्तीच्या शिलकेतून उचलला. थोडं पुतण्याचं कर्ज. पैसे घातले की माणसाला बोटही घालावंसं वाटतं, हा अनुभव आहे. इथे खिडकी हवी, तिथे फडताळ नको, हा रंग कसला, तुळस उजवीकडे का. प्रत्येक सूचना आपल्या परीने शहाणपणाचीच असते, आणि अशा पन्नास शहाण्या सूचना एकत्र आल्या की त्या घरात राहणारी माणसं पाहुणी होतात. दान दिलेल्या गायीच्या धारा काढायला दाता रोज सकाळी चरवी घेऊन जात नाही. घराच्या बाबतीत मात्र आपण जातो, आणि त्याला जिव्हाळा म्हणतो.

मी हे लिहिताना सारखं माझ्या पिढीलाच बोलतो आहे, तर तरुणांच्या बाजूचंही एक सांगतो. आयतं बीळ मिळाल्यावर त्याची कौलं पाहणं ही राहणाऱ्याची जबाबदारी. सरकलेलं कौल त्याच आठवड्यात नीट करायचं, गटार तुंबू द्यायची नाही, दर उन्हाळ्यात एकदा तुळयांना दाभण लावायचं. घर कुणी बांधलं याचा हिशेब मागत बसण्यापेक्षा आमच्या सुतारबाबांनी पुतण्याच्या हातात ते दाभण दिलं, ते मला जास्त पटलं.

माजघराच्या भिंतीला त्यांनी पोपटी रंग दिला आहे. चुन्यात रंग कालवून दिलेला, म्हणजे भिंतीचा श्वास काही कोंडत नाही. मला तो आवडला की नाही हे मला कुणी विचारलेलं नाही. अक्का गेल्या महिन्यात चार दिवस राहून गेल्या. रात्री उठायला आता बरं पडतं म्हणाल्या. खोलीबद्दल काही बोलल्या नाहीत, पण परसात त्या न्हाणीच्या दगडावर बसून नातीला वेणी घालताना मी त्यांना पाहिलं.

आडावर लोखंडी जाळी बसली. जिन्याचा कठडा तेवढा व्हायचा आहे. जुना जिना भिंतीच्या पोटातला, उभा आणि अंधारा, आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही, पण मुलगी आता भराभरा चढते. सुतारबाबा दत्तजयंती झाली की येतो म्हणाले आहेत. तोवर पहिल्या पायरीला एक फळी आडवी बांधून ठेवली आहे.